रंगाचे नाव आणि विणीचा नमुना : पुण्याच्या वस्त्रेतिहासातील एक प्रश्न

पुण्याच्या बुधवार पेठेत शालूकर बोळ ह्या नावाचा एक बोळ आहे. १८९२ साली ह्या बोळात ज्यांनी सार्वजनिक गणपती बसविला ते भाऊ लक्ष्मण जावळे व्यवसायाने वैद्य होते. परंतु शहराने त्यांना ओळखले ते भाऊ रंगारी ह्या नावाने, कारण घराण्याचा पूर्वापार धंदा वस्त्रे रंगविण्याचा होता. नाडी पाहणाऱ्या माणसाला रंगाऱ्याचे नाव चिकटते आणि ते त्याच्या पश्चात एका उत्सवाच्या नावात टिकून राहते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला नवलाची वाटणार नाही. धंदा लोपतो, माणसे पांगतात, नाव मात्र जागेवर राहते. गंज पेठेतील मोमीनपुरा हे असेच दुसरे नाव. मोमीन ह्या शब्दाचा मूळ अर्थ श्रद्धावंत एवढाच असला, तरी दक्षिणेत तो विणकर मुसलमानांचा जातिवाचक शब्द झाला. निळीचे काम करणाऱ्या रंगाऱ्यांच्या जातीचे नाव निळारी व निराळी अशा दोन्ही रूपांत आढळते. त्यांतील दुसरे रूप वर्णव्यत्ययाने सिद्ध झाले असावे आणि ते 'निराळा' ह्या नेहमीच्या शब्दाशी जुळल्यामुळे त्यातील नीळ आज कोणालाही दिसत नाही. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात शहरातील रेशमाचे विणकाम, कलाबतू इत्यादी उद्योगांची वर्णने आहेत, त्यावरून ही नावे ज्या काळी केवळ नावे नव्हती त्या काळाची काही कल्पना येते.

ज्या शहरात सूत हाताने रंगविले जात होते, तेथे विणीचा नवा नमुना कसा तयार होई आणि तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा पोचे, हा येथील प्रश्न आहे. प्रश्न दिसतो कारागिरीच्या इतिहासाचा. पण त्याचा मोठा भाग शब्दार्थाचा आहे. कारण नमुना हा जितका हातात असतो तितकाच नावात असतो, आणि हाताने रंगविलेल्या धाग्याच्या बाबतीत रंगाचे नाव हा नमुन्याचाच एक अवयव असतो. ते नाव चुकीचे वाचले, तर कागद अस्सल असूनही इतिहास खोटा होतो.

आरंभी 'विणणे' ह्या क्रियापदाकडे पाहिले पाहिजे. संस्कृतातील 'वयति' ह्या रूपाच्या कुळातील ह्या क्रियापदाचा विस्तार मराठीत फार मोठा आहे. कापड मागावर विणतात, बाज सुंभाने विणतात, टोपली विणतात, जाळे विणतात, सुगरण घरटे विणते आणि स्वेटरही विणतात. तंत्राच्या दृष्टीने मागावरचे काम आणि दोन सुयांवरचे काम ह्यांत मूलभूत भेद आहे. मागावर उभ्या व आडव्या अशा दोन स्वतंत्र धाग्यांची गुंफण होते. सुयांवर एकच धागा स्वतःच्या फासांतून पुढे सरकत जातो. पहिल्यात एक धागा तुटला तर भोक पडते, दुसऱ्यात सबंध कापड उसवू शकते. इतका भेद असूनही मराठीने दोहोंस एकच क्रियापद दिले आणि गरज पडली तेथे 'हातमागाचे', 'लोकरीचे' असे विशेषण लावून भागविले. ह्याचे कारण उघड आहे. सुयांवरचे विणकाम ह्या प्रदेशात उशिरा, एकोणिसाव्या शतकात युरोपीय स्त्रियांबरोबर व मिशनच्या शाळांमधून आले, आणि भाषेने त्या पाहुण्याला जुन्याच घरात जागा दिली. वस्तूंची नावे परकी राहिली – स्वेटर, मफलर, क्रोशे –. क्रियेची नावे मात्र देशी झाली. टाका शिवणातून आला. सुलट व उलट ही कापडाच्या दोन बाजूंची विशेषणे दोन प्रकारच्या टाक्यांची नावे झाली. सुताची लडी लोकरीचीही लडी झाली. म्हणून पुण्यातील पैठणी आणि पुण्यातील स्वेटर ह्यांचा विचार एका लेखात करणे हे वाटते तितके विसंगत नाही. मराठी भाषेने तो संबंध आधीच जोडून ठेवला आहे.

ह्या इतिहासाच्या पहिल्या भागाची साधने पेशवे दप्तरात आहेत. १९३० ते १९३४ ह्या काळात गो. स. सरदेसाई ह्यांनी ह्या दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हापासून लढाया व तह ह्यांच्याइतकेच पेशव्यांच्या घरचे वस्त्रप्रावरणही अभ्यासाला खुले झाले. १७३२ साली शनिवारवाडा उभा राहिला आणि पुणे हे राजकारणाचे केंद्र झाले. त्याबरोबरच ते उंची वस्त्रांचे मोठे गिऱ्हाईकही झाले. सण, लग्नकार्य, दरबार, वकिलांचा निरोप, सरदारांचा सन्मान ह्या प्रत्येक प्रसंगी वस्त्रे द्यावी लागत. ती सगळी पुण्यात विणली जात नव्हती. पैठण, येवले, बऱ्हाणपूर ही ठिकाणे विणीची. पुणे हे मागणीचे. परंतु मागणी करणारा हा केवळ विकत घेणारा नसतो. अमुक काठ, अमुक जमीन, अमुक बुट्टी असे तो लिहितो तेव्हा आजच्या भाषेत ज्याला संकल्पन म्हणतात त्याचा निम्मा भाग तोच करीत असतो.

थोरले माधवराव पेशवे (कारकीर्द १७६१ ते १७७२) ह्यांना पैठणच्या वस्त्रांची विशेष आवड होती हे प्रसिद्ध आहे. त्यांच्या एका मागणीत आसावली दुपट्टे लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी अशा पाच रंगांत मागविल्याचा उल्लेख येतो. वस्त्रेतिहासाच्या पुस्तकांत हा उल्लेख वारंवार येतो, पण तो बहुधा पेशव्याच्या रसिकतेचा दाखला म्हणून. त्याकडे नमुन्याचा मजकूर म्हणून पाहिले, तर त्यातून पुष्कळ अधिक निघते.

प्रथम, अशा मागणीत जे नाही ते पाहावे. तीत चित्र नाही. वेल किती बोटांची, फूल किती पाकळ्यांचे, पान कोणत्या अंगाला झुकलेले, ह्यांतले काही सांगितलेले नाही. 'आसावली' एवढा एक शब्द पुरेसा ठरतो, कारण तो शब्द लिहिणाऱ्याच्या आणि विणणाऱ्याच्या मनात एकच फुलवेल उभी करतो. पैठणीच्या परिभाषेतील इतर नावेही ह्याच जातीची आहेत. नारळी काठ, बांगडीमोर, मुनिया, कमळ, कोयरी – प्रत्येक नाव म्हणजे हातात मुरलेल्या एका क्रियामालिकेचा संकेत आहे. पैठणीची नक्षी विणताना प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या लहान कांडीवर असतो आणि दोन रंग जेथे भेटतात तेथे दर ओळीला ते एकमेकांत अडकवावे लागतात. म्हणूनच अस्सल विणीत पदराची उलट बाजू सुलटीसारखीच दिसते. ही मोजणी बोटांना पाठ असते. अलीकडे नवी नक्षी आलेखपत्रावर काढून घेण्याची रीत रूढ झाली आहे. जुन्या व्यवहारात मात्र नाव हाच आलेख होता.

तेव्हा नवा नमुना म्हणजे काय, ह्याचे उत्तर व्याकरणाच्या धर्तीवर देता येईल. ठरलेल्या नावांचा एक संच काठांचा, एक बुट्ट्यांचा, एक पदराच्या आकृतींचा आणि एक रंगांचा. त्यांतून निवड करून केलेली नवी जुळणी म्हणजे नवा नमुना. शब्द जुने, वाक्य नवे. क्वचित एखादा नवा शब्दही संचात शिरतो. हैदराबादच्या निजामाची सून नीलोफर हिने काठापदरात काही नव्या आकृती आणल्या असे सांगितले जाते, तो असाच प्रकार होय. 'आसावली' हा शब्दसुद्धा बाहेरून आलेला असणे संभवते. अहमदाबादेचे जुने नाव आशावल. त्यावरून तेथील जरीवस्त्रांना आशावली म्हणतात. पैठणीतील फुलवेलीचे नाव तेथूनच आले, की वेलीच्या 'आवली'शी त्याचा स्वतंत्र संबंध आहे, हा वाद येथे सोडवावयाचा नाही. परंतु गावाचे नाव वस्त्राला, आणि वस्त्राचे नाव त्यावरील आकृतीला, असा अर्थाचा प्रवास भाषेत अनेकदा घडतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पहिला पक्ष अधिक बळकट वाटतो.

आता रंगांकडे वळू. मराठीतील रंगनामे एका वेळी, एका रीतीने घडलेली नाहीत. त्यांत थर आहेत. सर्वांत जुना थर रंगद्रव्यावरून पडलेल्या नावांचा. निळा हा निळीचा, हळदी हा हळदीचा, लाखी हा लाखेचा, पतंगी हा पतंग नावाच्या लाकडाचा, कुसुंबी हा करडईच्या फुलांचा. किरमिजी हाही ह्याच थरातला. त्यातील किरमिज हा शब्द फारसी 'किर्म' म्हणजे किडा ह्याच्याशी निगडित असून संस्कृत 'कृमि' त्याचा सगोत्र आहे, आणि रंगही खरोखरच किड्यापासून निघतो. ह्या नावांत वर्ण आणि कृती एकत्र असतात. कुसुंबी म्हटले की नुसती छटा कळत नाही. ती कशी सिद्ध झाली आणि किती टिकेल हेही कळते.

दुसरा थर सादृश्याचा. पोफळी, राघू, मोतिया, मोरपंखी, अबोली, पारवा, अंजिरी ही नावे वस्तूच्या दिसण्यावरून आली. पारव्यापासून कोणी रंग काढीत नाही. ह्या थरातील काही नावांचा काळही ठरविता येतो. गुलबक्षी हे गुलबक्षीच्या फुलावरून आले आणि ही वनस्पती मूळची अमेरिकेतील. सोळाव्या शतकापूर्वी ती येथे असणे शक्य नाही, म्हणून हे रंगनामही त्यापूर्वीचे नाही. तपकिरी हे तपकिरीवरून, म्हणजे पर्यायाने तंबाखूवरून आले. तंबाखू पोर्तुगीजांच्या मागोमाग आली, तेव्हा ह्या नावाचीही पूर्वमर्यादा ठरते. त्याआधी त्या रंगाला मराठी माणूस काय म्हणे, हा एक स्वतंत्र आणि मनोरंजक प्रश्न आहे. पुढे चॉकलेटी, बिस्किटी अशी नावे आली. ती ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. तपकिरीही एके काळी तितकीच नवी होती.

काही नावे ह्या दोन्ही थरांत बसत नाहीत आणि ती विशेष मोलाची आहेत. पैठणीतील पांढऱ्या शुभ्र वाणाला शिरोदक म्हणतात. शिर आणि उदक अशी फोड करून ह्या शब्दाचा काही उलगडा होत नाही. जुन्या मराठीतील, शुभ्र तलम वस्त्राचा वाचक असलेला क्षीरोदक हा शब्द घेतला म्हणजे अर्थ लागतो: दुधाच्या पाण्यासारखे पांढरे. काळ्या लुगड्याचे नाव चंद्रकळा. चंद्राची कला म्हणावी आणि काळे समजावे, ह्यात शब्दाने वस्तूला पार मागे टाकले आहे. अशा ठिकाणी व्युत्पत्ती अर्थाच्या मदतीला येत नाही, परंपराच यावी लागते.

ह्या थरांचा विवेक ठेवून माधवरावांच्या पाच रंगांकडे परत गेले पाहिजे. त्यांतील डाळिंबी हा शब्द अडचणीचा आहे. सादृश्याने घेतला तर डाळिंबी म्हणजे दाण्याचा गडद तांबडा. द्रव्याने घेतला तर डाळिंबी म्हणजे डाळिंबाच्या सालीचा रंग, आणि ती साल रंगाऱ्यांच्या नित्य वापरातली वस्तू होती. तुरटीबरोबर ती पिवळा रंग देते, हिराकस घातला तर तो मळकट काळपटाकडे झुकतो. म्हणजे एकाच शब्दाने तांबडा आणि पिवळा असे दोन परस्परांपासून दूरचे रंग सुचू शकतात. कोणता घ्यावा? येथे निर्णय शब्दकोश देत नाही, यादी देते. यादीत लाल आहे, केशरी आहे, गुलाबी आहे. पेशव्याला सालीचा मळकट पिवळा उंची दुपट्ट्यासाठी हवा असेल, असे मानण्यास आधार नाही. उलट तांबड्याच्या तीन पायऱ्या – गुलाबी, लाल, डाळिंबी – एका ओळीत उभ्या राहिलेल्या दिसतात. सबब दाण्याचा रंग हाच अर्थ ग्राह्य धरावा.

हे ठरले म्हणजे यादीतून रंगाऱ्याच्या घरातले चित्र दिसू लागते. हाताने रंगविताना छटा ही द्रव्याच्या निवडीइतकीच बुडविण्याच्या संख्येवर अवलंबून असते. एकाच तांबड्या भांड्यातून कमी वेळ काढलेले रेशीम गुलाबी होते, अधिक वेळ राहिलेले लाल, पुनःपुन्हा बुडविलेले डाळिंबी. त्या तांबड्यात हळदीची जोड दिली की केशरी. निळीच्या रांजणातून काढून हळदीत घातले की हिरवा. माधवरावांचे पाच रंग अशा रीतीने तीन मूळ द्रव्यांत बसतात. हे अर्थात अनुमान आहे. तांबड्यासाठी लाख वापरली, किरमिज वापरला की कुसुंबा, हे मागणीवरून सांगता येत नाही. तथापि मागणी करणारा मनाला येईल तो रंग लिहीत नव्हता. रंगाऱ्याच्या भांड्यांतून जे निघू शकते त्याच्या नावांतूनच तो निवडत होता, एवढे म्हणण्यास हरकत नाही. नमुन्याची मर्यादा रंगाने घातली होती आणि ती दोन्ही पक्षांना ठाऊक होती.

कुसुंब्याची हकीकत ह्याहून उद्बोधक आहे. करडईच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात विरघळतो, म्हणून पाकळ्या प्रथम पुनःपुन्हा धुऊन तो काढून टाकावा लागतो. उरलेला तांबडा साध्या पाण्याला दाद देत नाही. तो खाराच्या पाण्यात उतरवावा लागतो आणि नंतर लिंबासारखी आंबट वस्तू घातली की तो धाग्यावर बसतो. रंग फार मोहक, पण उन्हात विटणारा आणि साबणात टिकाव न धरणारा. ह्या खऱ्या कुसुंब्याची छटा गुलाबी तांबडी. पैठणीच्या रंगांच्या अलीकडील याद्यांत मात्र कुसुंबीचा अर्थ जांभळट तांबडा असा दिलेला आढळतो. ह्या फरकाची दोन स्पष्टीकरणे संभवतात. एक, कुसुंब्यावर निळीचा हलका हात देऊन जांभळट छटा काढण्याची रीत होती व तीच पुढे कुसुंबी ह्या नावाने चालू राहिली. दोन, करडईची फुले रंगकामातून गेली, नाव मोकळे झाले आणि रासायनिक रंगाच्या एखाद्या आकर्षक जांभळट छटेवर ते जाऊन बसले. पहिले अशक्य नाही. परंतु दुसरे अधिक संभवनीय वाटते, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असेच स्थलांतर इतर रंगनामांचेही झाले आहे.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन ह्या अठरा वर्षांच्या तरुणाला हिवतापावरील औषध शोधताना कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सापडला. १८६९ मध्ये मंजिष्ठातील तांबडा रंग कारखान्यात सिद्ध होऊ लागला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. मोल्सवर्थ आणि कँडी बंधू ह्यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. दुसरी, वाढविलेली आवृत्ती १८५७ ची, म्हणजे पर्किनच्या शोधानंतर अवघ्या एका वर्षाने आलेली. हा योगायोग कोशाच्या वाचकांनी फारसा लक्षात घेतलेला नाही. मोल्सवर्थचा कोश हा मराठी रंगनामांचा, ती नावे अजून द्रव्यांना बांधलेली असताना झालेला, शेवटचा मोठा आढावा आहे. ह्याउलट पुण्यातूनच १९३२ ते १९३८ ह्या काळात सात विभागांत निघालेला दाते-कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हा रासायनिक रंग घरोघरी पोचल्यानंतरचा आहे. पेशवेकालीन कागद संपादताना रंगनामाचा अर्थ दुसऱ्या कोशातून घेणे सोयीचे असते. परंतु तो पहिल्याशी ताडून पाहिल्याखेरीज स्वीकारणे धोक्याचे आहे. संग्रहालयातील एखाद्या पैठणीवरील चिठ्ठीत कुसुंबी असे लिहिले असेल, तर ते लिहिणाऱ्याने द्रव्य तपासून लिहिले, जुन्या कागदावरून लिहिले, की विणकराच्या आजच्या बोलण्यावरून लिहिले, ह्यावर त्या शब्दाचा अर्थ ठरतो. तीन ठिकाणी तीन वेगळे रंग निघू शकतात.

रासायनिक रंगांनी आणखी एक बदल केला. छटा पुनःपुन्हा तीच काढता येऊ लागली. हाताने रंगविलेल्या दोन घाण्यांत थोडा फरक असायचाच. पाणी, ऊन, फुलांचा हंगाम, रंगाऱ्याचा हात ह्यांतले काहीतरी बदलायचेच. म्हणून विणकर एका वस्त्राचे सूत शक्यतो एका घाण्याचे घेई. कारखान्याने हा फरक जवळजवळ नाहीसा केला आणि त्याबरोबर नावाची गरजही कमी केली. रंगनामांचा शेवटचा थर अंकांचा आहे.

लोकरीचे विणकाम पुण्याच्या मध्यम वर्गात रुजले ते ह्या अंकांच्या युगात. येथील धनगरांची लोकर जाड व खरखरीत. तिचे घोंगडे होते आणि त्याचा रंग मेंढीचाच असतो. मऊ, रंगीत लोकर बाहेरून आली: प्रथम विलायतेतून, नंतर कानपूर व धारीवाल येथील गिरण्यांतून. १८९० साली पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले, १९०९ मध्ये पुणे सेवासदनाची स्थापना झाली. स्त्रीशिक्षणाच्या अशा संस्थांमुळे सुईकाम, भरतकाम, विणकाम ह्यांना घराबाहेर शिकण्याच्या विषयांचे रूप आले. नमुना आता जोडीने बसून पाहण्याऐवजी कागदावरून वाचावयाचा झाला. ह्या स्थित्यंतराचा भाषेवर झालेला परिणाम लक्षणीय आहे.

पेशवाईतील आज्ञापत्रांत हाताखालच्या माणसाला सांगावयाचे काम धातूच्या '-णे' रूपाने सांगितले जाई: पाठविणे, करविणे, लिहिणे. तेथे लिहिणारा आणि करणारा एकमेकांस ओळखत होते आणि दोघांचे नाते ठरलेले होते. छापील नमुन्याचा वाचक अनोळखी असतो. त्याला आज्ञा करता येत नाही आणि विनंतीही शोभत नाही. म्हणून मराठीने विध्यर्थाचा आश्रय घेतला: टाके घालावेत, ओळ सुलट विणावी, दोन टाके एकत्र घ्यावेत. पाककृतीत आणि व्रताच्या विधीत हेच रूप आहे, कारण तेथेही सांगणारा अदृश्य असतो. पुढे हेही रूप गळाले आणि 'दोन सुलट, दोन उलट' अशी क्रियापदहीन संख्यावाक्ये उरली. आसावली ह्या एका नावाने जे काम होत होते, ते आता ओळीओळीच्या मोजणीने होऊ लागले. ह्यात लाभ मोठा होता. ज्या बाईने ती वीण कधी पाहिली नाही तीही ती विणू शकत होती. हानी एकच, पण खरी: नमुन्याला नाव असण्याची निकड संपली आणि मराठीत लोकरीच्या विणींची नावे त्या मानाने थोडीच घडली.

ह्या छापील नमुन्यांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे लोकरीचा रंग सर्वत्र एकसारखा आहे. दुकानातून स्वेटरपुरती लोकर एकदमच आणि एकाच लॉटची घ्यावी, हा सल्ला घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया देत आल्या, तो ह्या गृहीताच्या रक्षणासाठीच. लॉट हा शब्द मराठीने जसाच्या तसा घेतला. घाणा हा जुना शब्द त्याच अर्थाचा असून कोणालाही आठवला नाही.

एकविसाव्या शतकात हाताने रंगविलेली लोकर आणि सूत पुन्हा हौशी विणकरांच्या हाती आले. २००७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या रॅव्हेलरी ह्या संकेतस्थळामुळे विणीचे नवे नमुने तयार करून थेट विणणाऱ्यांपर्यंत पोचविण्याचा जगभर पसरलेला व्यवहार उभा राहिला, आणि त्यात हातरंगाईच्या लडीसाठी मुद्दाम रचलेल्या नमुन्यांना मोठे स्थान आहे. येथे संख्यावाक्यांचे जुने गृहीत कोसळते. एकाच लडीत गडद व फिके पट्टे असतात, दोन लड्या तंतोतंत सारख्या नसतात. साधी सुलट-उलट वीण घातली तर एकाच रंगाचे डाग एके ठिकाणी साचतात, आणि नाजूक जाळी घातली तर ती रंगांच्या गर्दीत दिसेनाशी होते. म्हणून नमुना रचणारा आधी लहान तुकडा विणून पाहतो, रंग मोडणारी वीण निवडतो, प्रसिद्ध करण्यापूर्वी काही जणांकडून तो विणवून मोजणी तपासून घेतो, आणि दोन लड्या जवळ ठेवून दर दोन ओळींनी आलटूनपालटून वापराव्यात अशी सूचना देतो. दोन घाण्यांतला फरक असा सबंध वस्त्रभर वाटून टाकला जातो.

नामकरणाच्या दृष्टीने मात्र हा व्यवहार पेशवाईतील व्यवहाराच्या उलट आहे. माधवरावांच्या मागणीत रंगाचे नाव नमुन्याच्या आत होते. डाळिंबी आसावली आणि केशरी आसावली हे वेगळे दुपट्टे होते. आजच्या छापील नमुन्यात रंगाच्या जागी 'मुख्य रंग' आणि 'जोडरंग' अशा रिकाम्या जागा असतात, त्या विणणाऱ्याने भरावयाच्या. रंगाला नाव देण्याचा अधिकार रंगाऱ्याकडे गेला आहे, आणि ती नावे पुष्कळदा द्रव्याची नसतात, सादृश्याचीही नसतात. एखाद्या आठवणीची, ऋतूची वा लहरीची असतात. चंद्रकळेच्या जातीची, असे म्हणता येईल. शंभर वर्षांनी एखाद्या शालीसोबत तसे एखादे नाव सापडेल, तेव्हा संशोधकापुढे डाळिंबीचाच प्रश्न उभा राहील. फरक इतकाच की, शेजारी ठेवून ताडून पाहावयास लाल, केशरी आणि गुलाबी ह्यांची यादी तेव्हा नसेल.